हाती राहिले धुपाटणे

पुण्यात पूजा साहित्याच्या कुठल्याही दुकानात जा आणि "शंभर ग्रॅम ऊद द्या" म्हणा. मग शेजारच्या दुकानात जा आणि परत तेच म्हणा. दोन्हीकडे एकच वस्तू मिळाली तर माझ्याकडून मिसळ लागू. :-)

एक जण तपकिरी, वर पांढरे ठिपके असलेली ढेकळं देईल. दुसरा पिवळसर काचेसारखे तुकडे देईल. तिसरा म्हणेल, "ऊद म्हणजे लोबानच की हो," आणि काळपट चुरा बांधून देईल. चौथा सरळ अगरबत्तीचा पुडा पुढे करेल, कारण उदबत्ती म्हणजे ऊदच ना शेवटी! यातलं कुणी फसवत असेलच असं नाही. गोंधळ आपल्या शब्दांतच आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर एकाच व्हेरिएबलमध्ये चार जणांनी चार वेगळ्या गोष्टी भरून ठेवल्या आहेत आणि डॉक्युमेंटेशन लिहिणारा कंपनी सोडून गेला आहे.

गेले काही वीकेंड मी याच विषयाच्या मागे लागलो आहे. त्यातून माझं एक मत तयार झालं आहे. काही जणांना ते पटणार नाही, पण आधी माल काय ते तरी नीट बघू.

नावांचा गुंता

मूळ अरबी शब्द 'ऊद' म्हणजे लाकूड. विशेष करून अगरूचं सुगंधी लाकूड. (त्या तंतुवाद्याला पण ऊद म्हणतात, ते याच शब्दावरून.) आपल्याकडे मात्र हा शब्द लाकडावरून घसरत घसरत जाळायच्या सुगंधी डिंकावर येऊन बसला. उदमांजराचा याच्याशी काही संबंध नाही, हे आधीच सांगतो, कारण ऑफिसात हा प्रश्न मला दोनदा विचारून झाला आहे.

'लोबान' हा शब्दही अरबी, 'लुबान'. त्याचं मूळ पांढऱ्या रंगाशी आणि दुधाशी जोडलेलं. झाडाला खाच मारली की पांढरा चीक येतो म्हणून. हे लुबान म्हणजे बॉस्वेलिया जातीच्या झाडांचा डिंक, इंग्रजीतला फ्रँकिन्सेन्स. पण अरब व्यापाऱ्यांना आग्नेय आशियात आणखी एक सुगंधी राळ मिळाली, तिला ते 'लुबान जावी' म्हणजे जावाचं लोबान म्हणायला लागले. युरोपात जाताना त्यातला 'लु' गळला आणि 'बेन्जावी', 'बेन्झॉइन' असं होत गेलं. पुढे १८३३ साली मित्शर्लिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं बेन्झॉइक आम्लापासून एक द्रव काढला आणि त्याचं नाव त्यावरूनच ठेवलं. तेच आपलं बेन्झीन. म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ज्या षटकोनानं आपल्याला छळलं, त्याच्या नावात लोबान बसलेलं आहे. हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर दोन मार्क जास्त पडले असते.

आज आपल्या बाजारात 'लोबान' मागितलं की बहुतेक वेळा हे जावावालंच, म्हणजे बेन्झॉइन मिळतं. खऱ्या अरबी लुबानाला आपल्याकडे वेगळं नाव सांगावं लागतं. तर आता एकेक घेऊ.

१. सालई

आपली स्वतःची. बॉस्वेलिया सेराटा. संस्कृतात शल्लकी आणि तिच्या डिंकाला कुंदुरु. सांधेदुखीच्या गोळ्यांवर 'शल्लकी' वाचलं असेल तर ती हीच. सातपुडा, मेळघाट, विदर्भाच्या कोरड्या डोंगरउतारांवर, जिथं दुसरं काही नीट उगवत नाही तिथं हे झाड उभं असतं. साल कागदासारखी पातळ, सुटून येणारी. उन्हाळ्यात पानं नसलेलं. मेळघाटात ट्रेकला गेलेल्यांनी ते नक्की पाहिलं असणार आणि नाव न विचारता पुढे गेले असणार. नेपानगरचा न्यूजप्रिंटचा कारखाना उभा राहिला तेव्हा त्याच्या कच्च्या मालात बांबूबरोबर सालईचं लाकूडही होतं. म्हणजे या झाडाचा आपण एकेकाळी पेपरही वाचला आहे.

वास? तापवल्यावर आधी लिंबाच्या सालीसारखा, मग थोडा तुपकट, शेवटी लाकडाचा. ओमानच्या मालाइतका स्वच्छ नाही, पण घरगुती आहे. बऱ्याचदा सालीचे तुकडे आणि माती मिसळलेली येते, ती निवडावी लागते. तांदूळ निवडायचा पेशन्स असेल तर हेही जमतं.

२. ओमानी लुबान

बॉस्वेलिया साक्रा. ओमानचा दोफार प्रांत, येमेन आणि पलीकडे सोमालिया. गंमत म्हणजे जो नैऋत्य मोसमी पाऊस आपल्या कोकणाला झोडपतो, त्याचाच एक पदर जून ते सप्टेंबर सलालाहच्या किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर धुकं आणि रिमझिम घेऊन जातो. त्या डोंगरांच्या मागे, कोरड्या बाजूला जो डिंक मिळतो तो 'होजारी', सगळ्यांत वरचा. फिकट, हिरवट झाक असलेले अश्रूंसारखे दाणे. त्याखाली नज्दी, शझरी, शाबी अशा प्रती. 'लोबानाची भूमी' म्हणून तिथल्या चार जागा २००० साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेल्या.

हे आपल्याला परकंही नाही. 'पेरिप्लस' नावाचं इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं एक ग्रीक दर्यावर्दी पुस्तक आहे. त्यात लिहिलं आहे की उशीर झालेली भडोचची जहाजं या किनाऱ्यावर हिवाळा काढायची आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन लोबान भरून निघायची. तेव्हा आज मस्कतला नोकरी करणारा मित्र मत्राच्या बाजारातून पुडी आणतो, तो दोन हजार वर्षं जुन्या रूटवरच फिरतो आहे. फक्त आता किलोचा हिशोब एअरलाइन करते.

वास सांगायचा तर लिंबू, पाइन आणि पावसाआधीची हवा. मला सगळ्यांत आवडला तो हाच, यात लपवण्यासारखं काही नाही.

३. इथिओपियाचा आणि सोमालीलँडचा माल

बॉस्वेलिया पॅपिरिफेरा हे इथिओपिया, इरिट्रिया, सुदानचं झाड. जगभरच्या चर्चमध्ये जळणाऱ्या लोबानाचा मोठा वाटा याचा. वास जरा संत्र्याकडे झुकलेला. सोमालीलँडची 'मैदी' म्हणजे बॉस्वेलिया फ्रेरियाना. तिथं लोक ती च्युइंगमसारखी चघळतातही. या दोन्ही आपल्याकडे ऑनलाइनच मिळतात आणि पाकिटावर फक्त 'प्रीमियम' लिहिलेलं असतं, जात नाही. अशा पाकिटावर मी पैसे घालणार नाही.

४. बेन्झॉइन, म्हणजे आपला बाजारातला ऊद-लोबान

स्टायरॅक्स जातीच्या झाडांची राळ. सुमात्राची वेगळी, लाओस-व्हिएतनामची 'सयामी' वेगळी. सयामीला व्हॅनिलाचा स्पष्ट वास, कारण त्यात व्हॅनिलिन असतंच. तमिळ लोकांची सांब्राणी ती हीच. लहानपणी गुडघा फुटल्यावर लावलेलं टिंक्चर बेन्झॉइन पण हेच. त्यामुळे हा वास आला की माझ्या पिढीतल्या अर्ध्या लोकांना देऊळ आठवतं आणि उरलेल्यांना दवाखाना.

गुरुवारी दुकानादुकानांतून मोरपिसांचा कुंचा आणि धूपदाणी घेऊन फिरणारे फकीरबाबा, मुंबईतल्या पारशी घरातली संध्याकाळची लोबानाची फेरी, आपल्याकडची देवीची आरती... वास एकच, पत्ते वेगळे. धूर मात्र जड, गोड आणि डोळ्यांना झोंबणारा.

५. गुग्गुळ

कॉमिफोरा वाइटी. राजस्थान, कच्छच्या वाळवंटातलं काटेरी झुडूप. बाळंतिणीला देतात तो हिराबोळ याचाच चुलतभाऊ. गुग्गुळाचा वास कडवट, मातकट, थोडा बाल्समी. ज्यांना आवडतो त्यांना फार आवडतो. याच्याबद्दल माझं मत वेगळं आहे, ते पुढे.

६. राळ

राळ म्हणजे कधी सालवृक्षाची, कधी पश्चिम घाटातल्या धूपवृक्षांची, आणि स्वस्त मालात बहुधा पाइनची. ही शेवटची आपण सगळ्यांनी हुंगलेली आहे. वर्कशॉपमध्ये सोल्डरिंग करताना फ्लक्समधून जो धूर यायचा तो या राळेचाच. त्या धुरामुळे कामगारांना दमा जडतो हे वैद्यकशास्त्रात केव्हाच नोंदलं गेलं आहे, म्हणून नीट चालवलेल्या कारखान्यात सोल्डरिंगच्या टेबलावर धूर ओढणारी नळी असते. तीच राळ देवघरात 'शुद्ध नैसर्गिक धूप' होते आणि वर झाकणही लागत नाही!

ओळखायची कशी? सोपं आहे. पाइनची राळ तापली की मधासारखी पूर्ण वितळून वाहते. सालई किंवा लुबान मऊ होतं, फुगतं, पण पूर्ण वितळत नाही, कारण त्यात पाण्यात विरघळणारा डिंकही असतो. तो करपून मागे राहतो. दुसरी चाचणी: तुकडा पाण्यात घासा. लुबान पाणी दुधाळ करतं, राळ करत नाही. मिनिटभराचं काम आहे.

७. अगरबत्ती आणि धूपकांडी

बांबूची काडी, कोळशाची किंवा लाकडाची भुकटी, चिकटवायला जिगट साल, आणि वरून अत्तर. हे अत्तर पातळ करायला डायएथिल थॅलेट नावाचं द्रावक सर्रास वापरतात. 'मोगरा', 'चंदन', 'केवडा' ही नावं पाकिटाची, आतल्या फुलांची नव्हेत. चंदनाच्या लाकडाचा भाव माहीत असलेला माणूस वीस रुपयांत चंदन मिळेल अशी अपेक्षा करणार नाही. याला मी फसवणूक म्हणत नाही, तो एक वेगळा पदार्थ आहे. मात्र डास पळवणारी अगरबत्ती घेताना थांबा. तिच्यात कीटकनाशक असतं आणि आपल्याकडे घरगुती कीटकनाशकांना केंद्र सरकारच्या कीटकनाशक मंडळाची नोंदणी लागते. पाकिटावर नोंदणी क्रमांक नसेल तर ती वस्तू घरात नको. 'हर्बल' लिहिलेलं असलं तरी नको.

आता मुद्द्याचं

इथवर सगळं मजेचं होतं. पण या विषयाला हात घातला तो शौक म्हणून नव्हे. आमच्या घरी यावरून खरंखुरं भांडण झालं होतं.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. घरी आजी. आजीच्या हिशोबात बाळाला आंघोळ घातली की धुरी ही आलीच: निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, ऊद. आणि त्या धुरावरून बाळाला ओवाळल्यासारखं फिरवायचं, बाळंतिणीचे केस त्यावर सुकवायचे. बाळाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, धूर अजिबात नको. आजी म्हणाली, "तुम्ही सगळे धुरीवरच वाढलात ना? काय झालं तुम्हाला?" आई मधे. ताई रडकुंडीला. बाळ तेवढं झोपलेलं.

दोघांपैकी कुणालाच मी मूर्ख म्हणणार नाही. म्हणून आकडे काढायला बसलो. आपल्याला तेवढंच येतं.

२००८ साली तैवानच्या संशोधकांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार एक ग्रॅम उदबत्ती जळली की सरासरी ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त सूक्ष्म कण निघतात. सिगरेटचा आकडा ग्रॅममागे १० मिलिग्रॅम. आता आपल्या फ्लॅटमधली बेडरूम घ्या: दहा बाय बारा, उंची नऊ फूट. म्हणजे १०८० घनफूट, साधारण ३० घनमीटर. दारं-खिडक्या बंद करून एक ग्रॅम जाळलं तर ४५,००० मायक्रोग्रॅम भागिले ३०, म्हणजे दर घनमीटरला १५०० मायक्रोग्रॅम. पीएम २.५ साठी आपल्या देशाची चोवीस तासांची मर्यादा आहे ६०. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा आहे १५.

लगेच कुणीतरी म्हणेल, एका तासाचा आकडा आणि चोवीस तासांची सरासरी यांची तुलना कशी करतोस? बरोबर आहे. मग तीच करू. समजा तो धूर एकच तास राहिला आणि उरलेले तेवीस तास हवा हिमालयासारखी स्वच्छ होती (पुण्यात! हलकेच घ्या). १५०० भागिले २४, म्हणजे ६२. दिवसभराचा सरकारी कोटा एका काडीत संपला. तुम्ही म्हणाल काही कण भिंतीवर बसतात, काही फटीतून जातात. ठीक, फक्त चौथा हिस्सा हवेत राहिला असं धरा. तरी सरासरी १६ येते, म्हणजे जागतिक संघटनेची मर्यादा ओलांडलीच. हे शाळकरी गणित आहे, प्रयोगशाळेतलं मोजमाप नव्हे. पण शाळकरी गणितात इतकं ढळढळीत उत्तर आलं की दशांशावरून भांडण्यात अर्थ नसतो.

आणि हे प्रौढ माणसासाठी. महिन्याचं बाळ आपल्यापेक्षा कितीतरी भरभर श्वास घेतं, आणि त्याला "मी जरा गॅलरीत जातो" म्हणता येत नाही.

इथं व्हॉट्सॅपवर हमखास फिरणारा एक मेसेज आठवेल, की हवनाच्या धुरानं हवेतले ९४ टक्के जंतू मरतात. तो प्रयोग खरा आहे. लखनौच्या शास्त्रज्ञांनी तो २००७ साली प्रसिद्ध केला, बंद खोलीत तासभर औषधी सामग्री जाळून. पण त्यांनी मोजले ते हवेतले जिवाणू. त्या खोलीत तासभर बसलेल्या माणसाच्या फुफ्फुसांचं काय होतं, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. जंतू फिनेलनंही मरतात. म्हणून आपण फिनेल पीत नाही. उलट सिंगापूरमध्ये ६१ हजारांवर लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००८ साली जो अभ्यास आला, त्यात दीर्घकाळ घरात उदबत्ती जाळणाऱ्यांमध्ये नाक-घशाकडच्या काही कर्करोगांचं प्रमाण जास्त दिसलं.

तसाच दुसरा मेसेज: लोबानानं मन शांत होतं हे विज्ञानानं सिद्ध केलंय. २००८ मध्ये लोबानातल्या एका घटकाचा मेंदूवर परिणाम दाखवणारा शोधनिबंध आला खरा, पण तो उंदरांवर होता आणि वेगळा काढलेला घटक देऊन होता. तुमचं मन शांत होत असेल तर होऊ दे, छानच आहे. त्यासाठी उंदराची साक्ष कशाला?

मग आजी चुकत होती का?

माझं मत: नाही. आजी ज्या घरात धुरी द्यायला शिकली ते घर आता नाही.

कौलारू छप्पर, भिंत आणि वासे यांच्यात हातभर फट, मधे उघडा चौक. पावसाळ्यात ओल, डास, न वाळणारी दुपटी. शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर दुपटी वाळवायची आणि निखाऱ्यावर चिमूटभर ऊद टाकायचा, म्हणजे कुबट वास जाईल. धूर वर जायचा आणि कौलातून बाहेर पडायचा. त्या घरालाच चिमणी होती म्हणा ना. तिथंही धूर काही औषध नव्हता, पण त्याला बाहेर पडायला वाट होती आणि त्याच्याकडे दुसरी कामं होती.

आपण काय केलं? ते घर पाडून अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावल्या, एसीसाठी फटी बुजवल्या, आणि धुरी तशीच आत आणली. धूप बदलला नाही, घर बदललं. जुना कोड नव्या प्लॅटफॉर्मवर जसाच्या तसा चालवला की काय होतं, हे आपल्याला रोज पगार घेऊन बघायला मिळतं.

म्हणून मला 'परंपरा विरुद्ध विज्ञान' या भांडणात पडायचं नाही. परंपरेत धुराला वाट होती, ती वाट आपण बंद केली. आता धूर बंद करा किंवा वाट उघडा. आणि बाळाच्या खोलीत दुसरा पर्यायही नाही. तिथं धूर बंदच. शिवाय बंद खोलीत कोळशाचे निखारे म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वासही नसतो, म्हणजे सावध व्हायलाही काही मिळत नाही.

आमच्या घरी शेवटी काय झालं ते सांगतो. आजीचा विरोध धुरासाठी नव्हता, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. पन्नास वर्षं घरातली प्रत्येक बाळंतीण तिच्या हाताखालून गेली, आणि आता एका वाक्यात तिला त्या खात्यातून निवृत्त केलं होतं. ताईनंच तोडगा काढला. "आजी, तेल तूच लावायचंस. बाईला नको सांगूया." ओव्याची पुरचुंडी करून बाळंतिणीचं अंग शेकायचं काम पण आजीकडे. धुपाटणं गॅलरीत गेलं, मधलं दार बंद. संध्याकाळी आजी तिथं खुर्ची टाकून बसते, चिमूटभर ऊद घालते आणि खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंशी गप्पा मारते. तिचा मान राहिला आणि बाळाचा श्वासही.

झाडांचं काय?

दुसरा मुद्दा लहान वाटतो, पण नाही. हे सगळे पदार्थ झाडाला जखम करून मिळतात. जखम किती, किती वेळा आणि मधे विश्रांती किती, यावर झाड जगतं की मरतं ते ठरतं. इथिओपियाच्या बॉस्वेलियाबद्दल २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बहुतेक ठिकाणी नवी रोपं उभीच राहत नाहीत; म्हातारी झाडं तेवढी शिल्लक. असंच चाललं तर वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा त्यांचा अंदाज. अगरूचं झाड तर १९९५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे.

आणि गुग्गुळ. हे झुडूप आययूसीएनच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अलीकडची पायरी. हळू वाढतं, आणि जास्त डिंकासाठी ओरबाडून चिरलं की वाळून जातं. आयुर्वेदातली कितीतरी औषधं त्याच्यावर उभी आहेत. ज्याला औषध म्हणून लागतो त्याच्यासाठी तो राहू दे. शनिवारी संध्याकाळी घरात 'व्हाइब' यावी म्हणून तो जाळणं मला पटत नाही. हे माझं मत आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

तर मग जाळायचं काय?

माझी यादी अशी:

रोजच्यासाठी: काहीही नाही. दिवा लावा, खिडकी उघडा. देवाला फूल चालतं.

आठवड्यातून एखादवेळी: सालई. काष्ठौषधीच्या दुकानात 'सालईचा डिंक' म्हणून मागा, 'ऊद' म्हणून नको. आपल्याच डोंगरांतली आहे, पैसा निदान इथल्या जंगलात हिंडणाऱ्या माणसाच्या जवळपास तरी फिरतो. तीही ओरबाडली जाऊ शकते, म्हणून वाटाण्याएवढा एक खडा पुरे.

सणाला, किंवा कुणी प्रेमानं आणली तर: होजारी. चार दाणे, वर्षभर.

राळ आणि निनावी 'लोबान चुरा': नाही. गुग्गुळ: नाही.

जाळायची पद्धतही सांगतो, कारण अर्धा धूर पद्धतीमुळे होतो. काडी लावताच पेटणाऱ्या कोळशाच्या गोल वड्या मिळतात, त्यात सोरा असतो. त्या तडतडतात, ठिणग्या उडवतात आणि इतक्या तापतात की डिंकाचा सुगंध यायच्या आधी तो करपतो. त्यापेक्षा तापमान कमी-जास्त करता येणारी छोटी विजेची धूपदाणी घ्या. मंद आचेवर सुगंधी तेलं आधी उडतात आणि करपट धूर फार कमी होतो. खडा काळा पडायला लागला की काढून टाका. वास तेव्हाच संपलेला असतो, उरतो तो नुसता धूर. कोळसाच हवा असेल तर गॅलरीत. खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या दिशेनं. घरात दमेकरी, गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर नाहीच.

कुणी म्हणेल, एवढा हिशोब करून धूप जाळायचा तर त्यात भाव कुठे उरला? मला उलट वाटतं. रोज सवयीनं लावलेल्या काडीचा वास पाचव्या मिनिटाला आपल्या नाकालाही कळत नाही. महिन्यातून एकदा, मुद्दाम निवडून ठेवलेला एक खडा तापवला की घरातले सगळे हातातलं काम थांबवून विचारतात, "हा कसला वास?" भाव म्हणतात तो बहुतेक हाच असावा.

असो. बरंच लांबलं. सोमवारी सकाळी रिलीज आहे आणि माझ्या टेबलावर सहा पुड्या उघड्या पडल्या आहेत, त्यातली कुठली कुठली हे आता फक्त वासावरून ओळखायचं आहे. लेबलं लावायला हवीत. 'ऊद' सोडून काहीही लिहीन.